फेरी आखताना



आपल्या व्यापारी कुटुंबांत वसुलीची साप्ताहिक फेरी नवी नाही. ज्याच्याकडे येणे मोठे, त्याचे गाव यादीत प्रथम, ही आपली रूढ पद्धत. हिशेबाच्या कसोटीवर मात्र ती टिकत नाही.

उदाहरण घेऊ. सांगलीचा एक घाऊक किराणा व्यापारी कवठेमहांकाळपर्यंत जातोच. पुढे जतच्या एका दुकानदाराकडे ४०,००० रुपये येणे आहे. तेथे जाऊन-येऊन ९० किलोमीटर वाढतात असे समजू. किलोमीटरला १० रुपये धरल्यास खर्च ९०० रुपये. लाभ किती? ४०,००० नव्हे, ती रक्कम तर आपलीच आहे. आठवडाभर आधी आणल्याने वाचते ते केवळ कॅश क्रेडिटचे व्याज. १२ टक्के दराने ते सुमारे ९२ रुपये होते. तेथे १०,००० रुपयांची मागणी मिळून ५ टक्के नफा सुटला, तर आणखी ५००. एकूण ५९२, म्हणजे फेरा तोट्याचा.

परंतु जतमध्येच दुसऱ्या दुकानाची १२,००० रुपयांची मागणी असल्यास ६०० रुपयांची भर पडते आणि तोच फेरा लाभाचा ठरतो. म्हणून गाव एकेकटे तोलू नये; त्या वाटेवरील सर्व कामे एकत्र तोलावीत. रक्कम बुडण्याची शंका असेल, तर मात्र व्याजाचा हिशेब बाजूस ठेवून त्वरित जावे.

दहा गावांचा क्रम ३६,२८,८०० प्रकारे लावता येतो. त्यातून कोणती गावे गाळावीत हा प्रश्न आणखी भर घालतो. गणितज्ञांनाही तो कठीण वाटतो. आपल्याला सर्वोत्तम मार्गाचा अट्टहास नको. प्रत्येक थांब्याने वाढणारा खर्च आणि मिळणारा लाभ वहीत समोरासमोर मांडला, तरी पुष्कळ चुका टळतात.

खर्चात वेळही धरावा. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्यास शेवटचा थांबा फार महाग पडू शकतो. गाळलेल्या ग्राहकास मात्र आवर्जून दूरध्वनी करावा. रक्कम यूपीआयने येईल, आणि संबंधही टिकेल. जुना ग्राहक दुरावणे हा खर्च कोणत्याही वहीत दिसत नाही, पण तो सर्वांत मोठा असतो.