स्क्वॉडमधल्या तिघांना, चौथ्याकडून

मित्रांनो (पत्राची पद्धत म्हणून लिहिलं, बाकी काही नाही),

गेल्या मंगळवारी रात्री पावणेदहाच्या सुमारास 'इंडस' या मोबाइल गेमच्या मॅचमध्ये तुम्हाला जो चौथा रँडम मिळाला होता, तो मी. मुक्काम पोस्ट लोणी भापकर, तालुका बारामती. तुम्ही तिघं एकमेकांच्या ओळखीचे आहात हे पहिल्या मिनिटातच कळलं, कारण विरलोकच्या नकाशावर उतरेपर्यंत तुमचं मेसच्या पातळ आमटीवर चाललं होतं. मी माइक चालू करून 'नमस्कार' म्हणालो. एकजण फिस्सकन हसला. दुसरा म्हणाला, "ये कौन बे?"

इथवर माझी तक्रार नाही. ओळखीच्या तिघांत चौथा म्हणजे लग्नातल्या पंगतीत वाट चुकून बसलेला माणूस, एवढं मलाही कळतं. तक्रार आहे ती शेवटच्या झोनमधल्या तीन शब्दांची. "बॉट है, छोड़."

मी नॉक होऊन भिंतीच्या आडोशाला रांगत होतो. तुमच्यातला एकजण माझ्यापासून दहा पावलांवर उभा होता. रिवाइव्ह करायला किती लागतं? चारदोन सेकंद. तो आला, थांबला, माझी बॅग रिकामी केली आणि गेला. बॅगेतल्या गोळ्यांचं मला काही वाटत नाही. मी नाहीतरी मरणारच होतो.

पण बॉट?

बॉट म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. खेळाडू कमी पडले की जागा भरायला कॉम्प्युटर जी बुजगावणी सोडतो, ती. नवख्याला पहिल्याच दिवशी मार खाऊन पळून जायला लागू नये म्हणून फोर्टनाइटनं 2019मध्ये ती उघड घोषणा करून आणली, मोबाइलवरच्या पब्जीतही होतीच. बॉट नाकासमोर पळतो, मध्येच थबकतो, कुठंतरी भलतीकडं फायर करतो आणि बोलत नाही. आता त्या मंगळवारचा मी आठवा. मी नाकासमोर पळत होतो, मध्येच थबकत होतो, शत्रू निघून गेलेल्या खिडकीवर फायर करत होतो. म्हणजे लक्षणं पाहिली तर तुमचं निदान चुकलं नाही. फक्त मी बोलत होतो. सगळी मॅचभर बोलत होतो.

आमच्याकडं त्या रात्री साडेनऊला लाइट गेली. लाइट गेली की टॉवर थोडा वेळ बॅटरीवर तग धरतो आणि सगळं गाव एकदम मोबाइल डेटावर येतं. माझा पिंग साठवरून तीनशेवर गेला. तीनशे मिलिसेकंद म्हणजे काय ते तुमच्या वायफायवर कधी कळायचं नाही, म्हणून सांगतो. जत्रेत शोभेची दारू उडते तेव्हा शंभर मीटरवरून बघा. आधी आभाळात फूल दिसतं, मग आवाज येतो. ती जी मधली फट असते ना, साधारण तेवढी. माणूस खिडकीत दिसतो तेव्हा तो खिडकीतून कधीच निघून गेलेला असतो. मी त्याच्या सावलीवर गोळ्या घालतो आणि तो मला खराखुरा मारतो. आपला फोन अंदाजानं आपल्याला पुढं पळवतो, सर्व्हर म्हणतो तू तिथं नव्हतासच, आणि रबर ताणून सोडल्यासारखं मागं खेचून आणतो. बाहेरून बघणाऱ्याला हे सगळं बॉटसारखंच दिसतं. त्यातून आमचं गाव तालुक्याच्या जिरायती अंगाचं. बारामती म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर ऊस आणि कालवे येतात. ते तिकडं, नीरेच्या बाजूला. आमच्या वाट्याला पाणीही कमी आणि रेंजही.

मी दूध संकलन केंद्रावर असतो. सकाळी सहाला पहिली किटली येते, संध्याकाळी आठ-साडेआठला शेवटची पावती फाडतो. फॅट, एसएनएफ, लिटर, रुपये. दिवसभरात शंभर माणसं मला नावानं हाक मारतात आणि त्यातली निम्मी फॅट कमी लागला म्हणून भांडतात. घरी येऊन हात साबणानं दोनदा धुतो, कारण दुधाचा ओशटपणा राहिला तर स्क्रीनवर अंगठा सरकत नाही. मग अंगठ्यांना जरा पावडर लावतो आणि पाण्याच्या टाकीवर चढतो, रेंज तिथंच मिळते. एवढं करून तुमच्या स्क्वॉडमध्ये आलो होतो. बॉट हात धूत नाही.

आता जरा विषय सोडून. आमच्या गावात हे खेळणं नवं नाही. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद होत्या तेव्हा पब्जीवर पार भरलेला असायचा. 2 सप्टेंबर 2020ला सरकारनं 118 ॲप एका झटक्यात बंद केली, त्यात ते गेलं, तेव्हा दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. पुढं ते 'बीजीएमआय' होऊन आलं, 2022च्या जुलैत पुन्हा गायब झालं, पुढच्या वर्षी पुन्हा उगवलं. मध्ये फ्री फायरवरही बंदी आली. या सगळ्या ये-जा करणाऱ्यांना कंटाळलो होतो, तेवढ्यात ऐकलं की पुण्यातली सुपरगेमिंग आपला स्वतःचा खेळ काढते आहे, सिंधू संस्कृतीचं नाव घेऊन, अंतराळातला. 16 ऑक्टोबर 2024ला तो 'इंडस' आला त्याच रात्री आम्ही गावातल्या चौघांनी उतरवून घेतला. पुण्यातला म्हणजे आपल्या जिल्ह्यातलाच की! सर-ताज, मोर-नी, बिग गज हे सगळे मिथवॉकर, म्हणजे खेळातली पात्रं, बघून आमचा एकजण म्हणाला, आपल्या गावचा यज्ञवराह यांनी कसा सोडला? मल्लिकार्जुनाच्या देवळापाशी पुष्करणी आहे, तिथला दगडी वराह तुम्ही पाहिला नसेल. अंगावर झूल पांघरल्यासारख्या विष्णूच्या बारक्या मूर्तींच्या रांगा. चिलखतच ते. तयार स्किन होती हो.

कॉस्मियमवरून मात्र आमच्यात उभी फूट पडली. शेवटी कॉस्मियम उगवतं, ते जो धरून ठेवेल तो जिंकला, मग समोर कितीही जिवंत असोत. एकाचं मत, हे म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. सगळी मॅच आम्ही लढायचं आणि झुडपात बसलेल्यानं येऊन जिंकायचं. मला तो नियम आवडतो. स्वस्त फोनवाला समोरासमोर गोळीबारात मार खाणारच, पण योग्य वेळी योग्य जागी असणं त्यालाही जमतं. त्या दिवशी मी तेच ओरडत होतो. "वाड्याच्या डाव्या अंगानं या, दोघं मागनं येतायत, कॉस्मियम मोकळं आहे." तुम्ही "मागनं, मागनं" करून नक्कल केलीत आणि उजवीकडं गेलात. हरलात. हे मी खवचटपणानं सांगत नाही. बरं, थोडं खवचटपणानं.

आता तुमच्यातल्या तिसऱ्याशी बोलतो. बाकी दोघांनी इथं वाचायचं सोडलं तरी चालेल.

तू सगळ्यात कमी बोलत होतास. बोललास ते हिंदीतच. पहिल्या झोनमध्ये तू नॉक झालास तेव्हा तुझ्या तोंडून निघालं, "आई गं!" अगदी आतून. बाकीचे दोघं पुढं निघून गेले होते. मी मागं फिरलो, धूर टाकला आणि तुला उठवलं. तेव्हा म्हणालो, "लागलं का रे जास्त?" गेममध्ये कुणाला लागत नाही हे मला माहीत आहे, पण तोंडातून गेलं. तू काहीच बोलला नाहीस. वाटलं, माइक बंद असेल.

पुढं "मागनं, मागनं"ला हसण्यात तुझा आवाज होता. डावं अंग म्हणजे काय ते त्या दोघांना कळलं नसेल, तुला कळलं होतं. आणि बॅग रिकामी करून गेला त्याच्या डोक्यावरचं नाव तुझंच होतं. "बॉट है" असं म्हणणारा दुसरा होता, हे मान्य. तू फक्त "हां" म्हणालास.

या खेळात एक सोय आहे, ग्रज नावाची. ज्यानं आपल्याला मारलं त्याच्यावर डूख धरता येतो आणि पुढं वचपा काढला की बक्षीसही मिळतं. त्या रात्री मी टाकीवर बसून ते बटण शोधलं. आपल्याच स्क्वॉडमधल्या माणसावर ते चालत नाही. म्हणून हे पत्र.

लाइट साडेदहाला आली. तोवर मी खाली उतरलो होतो. आई म्हणाली, आज लवकर झालं? मी म्हणालो, चार्जिंग संपलं.

तुमचा,
चौथा

ता. क. नमस्कारानंतर मी माझं नाव सांगितलं होतं. तेव्हा तुमची आमटी चालली होती.