परंपरेचे वकील आणि पातूरचा फलक

'हरवलेले संस्कार' या विषयावर आमच्या अकोला जिल्ह्यात परवा एक व्याख्यान झाले आणि त्याचा छापील गोषवारा एका स्नेह्यांनी, आम्हांस सद्बुद्धी व्हावी या शुद्ध हेतूने, आमच्या हाती आणून ठेवला. वक्त्यांचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही; कारण हेच व्याख्यान निरनिराळ्या फेट्यांखाली वऱ्हाडातील प्रत्येक तालुक्यात दरसाल होतच असते. फेटे बदलतात, गहिवर तोच असतो.

त्यांचा पक्ष असा : पूर्वी गाव एक होते, गावाची भाषा एक होती, घरात वडीलधाऱ्यांचा शब्द अखेरचा होता, स्त्री गृहलक्ष्मी म्हणून पूजिली जाई, शेतकरी कोणाचा मिंधा नव्हता, म्हाताऱ्यांना वृद्धाश्रम ठाऊक नव्हता, मग कायदे आले, कोर्टे आली, मोबाइल आला, मुली आपल्या मनाने लग्ने करू लागल्या आणि सर्वस्व बुडाले. उपाय एकच, मागे फिरणे. किती मागे, याचा खुलासा मात्र गोषवाऱ्यात नाही. पेशवाईपर्यंत, अचलपूरच्या इमादशाहीपर्यंत, की केवळ वक्त्यांच्या स्वतःच्या बालपणातील आमरसाच्या दिवसांपर्यंत जावयाचे, हे समजले असते तर निदान शिदोरी किती घ्यावी याचा अंदाज आला असता.

यांतील काही मुद्द्यांस एकेका ओळीहून अधिक कागद खर्ची घालणे उधळपट्टी होईल. स्वयंपूर्ण शेतकऱ्याचे म्हणाल, तर वऱ्हाडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांसाठी उचलता यावा म्हणून खामगावास १८७० सालीच आगगाडी आणण्यात आली होती आणि त्या कापसाचा भाव गावच्या पारावर ठरत नव्हता. वृद्धाश्रमांचे म्हणाल, तर स्वातंत्र्याच्या सुमारास या देशातील सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. अर्भकमृत्यूंनी तो आकडा खाली ओढला होता हे मान्य करूनही, पूर्वी वृद्धाश्रम का नव्हते याचे निम्मे उत्तर त्यातच आहे.

येथे एका जुन्या वादाची आठवण होते. लग्नात पंगती उठून उभ्याने जेवण्याची रीत आमच्याकडे नवीनच शिरली तेव्हा असेच एक सद्गृहस्थ संस्कृतीच्या अंत्ययात्रेस निघाल्याप्रमाणे चेहरा करून आमच्याशी भांडले होते. पंगतीत समता होती, असे त्यांचे म्हणणे. पहिल्या पंगतीस कोण बसे, शेवटच्या पंगतीस उरलेसुरले कोणाच्या पानात पडे आणि मांडवाबाहेर पत्रावळीची वाट पाहत कोण उभे राही, एवढेच आम्ही विचारले. त्यावर ते म्हणाले, 'तुम्हांला चांगले काही दिसतच नाही.' तो वाद तेथेच संपला; व्याख्याने मात्र संपली नाहीत.

परंतु ज्या एका विधानासाठी आम्ही लेखणी उचलली ते पातूरसंबंधीचे आहे. गावाची भाषा एक होती, संस्कार एक होता, आणि आता आपल्याच गावात आपली संस्कृती न्यायालयात हरली, असे सांगून वक्त्यांनी पातूर नगरपरिषदेच्या फलकाचा दाखला दिला आहे. या दाखल्याइतका त्यांच्या पक्षास घातक दाखला आम्हांस शोधूनही सापडला नसता. हकीकत अशी की, या नगरपरिषदेच्या इमारतीवरील फलकावर मराठी नावाखाली तेच नाव उर्दू लिपीतही आहे. एका माजी नगरसेविकेने त्यास हरकत घेतली. नगरपरिषदेने फेब्रुवारी २०२० मध्ये ठराव करून ती बहुमताने फेटाळली आणि १९५६ पासून ही भाषा येथे वापरात आहे, असे नमूद केले. जिल्हाधिकाऱ्यांनी त्याच वर्षी डिसेंबरात अर्जदारांच्या बाजूने हुकूम दिला. पुढील एप्रिलात अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी तो रद्द केला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गेले. मध्यंतरी स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेसंबंधी २०२२ चा कायदा झाला. आणि अखेर १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, भाषा म्हणजे धर्म नव्हे असे स्पष्ट करून आणि मराठीच्या जोडीने उर्दू लिहिण्यास त्या कायद्याची आडकाठी नाही असे ठरवून, अपील फेटाळले. न्यायालयात जाण्याचा हक्क प्रत्येकास आहे व अर्जदार बाईंविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. आमचा प्रश्न परंपरेच्या वकिलांस आहे.

या खटल्यात जुने कोण होते आणि नवे कोण? जो फलक नगरपरिषदेच्या स्थापनेपासूनची रीत सांगतो तो जुना, की ती रीत मोडावी ही मागणी जुनी? शेजाऱ्याच्या बांधावर बारा वर्षांची वहिवाट सिद्ध झाली की जमिनीवर हक्क सांगणारा आमचा वऱ्हाडी माणूस, सहा दशकांहून अधिक काळची वहिवाट एका भिंतीवर उघड्या डोळ्यांनी वाचतो आणि तिला अतिक्रमण म्हणतो, हा तर्कशास्त्राचा कोणता अध्याय? कायदे आणि कोर्टे आली व परंपरा बुडाली, असा विलाप करणाऱ्यांनी हेही पाहावे की या ठिकाणी परंपरेची पाठराखण कायद्याने व कोर्टानेच केली, आणि तिच्यावर घाव घालू पाहणारी वृत्ती मात्र संस्काराची शाल पांघरून आली होती. पातूर हे गाव मुळी एकाच रंगाचे कधी नव्हते. टेकडीत कोरलेली प्राचीन लेणी, डोंगरावरची रेणुकामाता आणि शहाबाबूंचा दर्गा ही सारी एकाच वेशीच्या आसपास नांदतात. जुन्या दफ्तरांत तर गावाची ओळखच 'पातूर शेख बाबू' अशी आहे. वऱ्हाड इमादशाहीत होते, मोगलांच्या सुभ्यात होते, निजामाच्या अमलात होते, १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात गेले. या सर्व घालमेलीत येथील कास्तकाराने ज्याच्या त्याच्या अमलदारास ज्याच्या त्याच्या लिपीत अर्ज गुदरला, आणि त्यामुळे त्याचे मराठीपण रतीभरही उणे झाले नाही. घरपट्टी भरावयास आलेल्या माणसास आपण योग्य दारात आलो आहोत हे वाचता यावे, एवढेच फलकाचे काम. ते काम बिनबोभाट चालले होते. जे चालले होते ते थांबवा, असे सांगणाऱ्यास सुधारक म्हणा, क्रांतिकारक म्हणा. परंपराभिमानी मात्र म्हणता येणार नाही.

म्हणजे या मंडळींना जुने हवे आहे, हेच मुळात खोटे. त्यांना जुन्याच्या नावावर एक नवीन गोष्ट हवी आहे. गाव एक कुटुंब होते म्हणता? त्या कुटुंबातील काही माणसांना घरच्या देवीचे दर्शन मिळेना, म्हणून नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरवून अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न हाती घ्यावा लागला. आणि घरच्याच विहिरीचे पाणी मिळावे म्हणून पंजाबराव देशमुखांना जिल्हा कौन्सिलच्या अध्यक्षपदावरून सार्वजनिक विहिरी खुल्या कराव्या लागल्या. अशा कुटुंबाच्या आठवणीने ज्यांचा कंठ दाटतो ते त्या घरात कोणत्या खोलीत राहत होते, हे सांगावयास नकोच.

आणि गृहलक्ष्मी! तिची पूजा कशी होई, हे विचारावयास फार दूर जावे लागत नाही. आमच्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' छापून त्या पूजेचा हिशेब चुकता केला आहे. सुरतेच्या एका विधवेस अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्री शहाण्यांनी समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले, हे त्या लेखनाचे निमित्त. बाईंचे पुस्तक पुढे अशा थराला विस्मृतीत गेले की १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा जाणकारांसही ते नवे वाटले. संस्कार हरवल्याची हाकाटी करणाऱ्यांनी हा संस्कार कोणी हरवला याचाही कधी तपास करावा. तो वऱ्हाडातीलच होता, शतकाहून जुनाही होता. पण कोणत्याही फेट्याखालून त्याचे नाव अद्याप ऐकू आलेले नाही.

'मग तुम्हांला जुन्यातले काहीच नको काय?' असे विचारले जाईल. हवे आहे, आणि ते सांगावयास फार जागाही लागत नाही. गाडगेबाबांनी कीर्तनातून उलट प्रश्न विचारण्याची जी रीत घालून दिली, ती हवी. ऋण काढून सण करू नका, पोर शाळेत घाला, या त्यांच्या सांगण्यापुढे कोणते नवे शास्त्र उभे राहते ते दाखवावे. ज्या सवयीने पातूरच्या एका भिंतीवर दोन लिप्या इतकी वर्षे शेजारी राहिल्या, ती सवय हवी. वडीलधाऱ्यांचा मानही हवा. फक्त तो त्यांनी बोललेल्या प्रत्येक वाक्यास आपोआप मिळावा, असे आम्हांस वाटत नाही. याहून मोठा कार्यक्रम आमच्यापाशी नाही हे आम्ही जाणतो, आणि प्रतिपक्षी त्यावरून आम्हांस हसतील हेही.

एक गोष्ट मात्र त्यांच्याच तोंडच्या परंपरेतून घेऊन त्यांच्यापुढे ठेवितो. भाऊ-बहिणीच्या प्रेमाचे वर्णन करताना व्याख्यानात श्रोत्यांचे डोळे पाणावले, असे गोषवाऱ्यात लिहिले आहे. वडिलार्जित जमिनीत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्राने १९९४ च्या कायद्याने आणि सर्व देशाने २००५ च्या दुरुस्तीने दिला; तरी भाऊबीजेच्या ओवाळणीत लुगडे घालून, पाठोपाठ हक्कसोडपत्रावर तिची सही घेण्याचा रिवाज आमच्याकडे अजून घरोघर पाळला जातो आणि तो न पाळणारी बहीण माहेराला मुकते. वक्त्यांना बहिणी असतील, तर त्यांची नावे सातबाऱ्यावर आहेत किंवा नाहीत हे त्यांनी पुढच्या व्याख्यानाच्या आरंभीच सांगून टाकावे. नसतील, तर वारसाचा अर्ज तलाठ्याकडे देता येतो. फेरफाराची नोंद होण्यास काही दिवस लागतात, तोपर्यंत व्याख्यान तहकूब ठेवल्यास श्रोत्यांची हरकत असणार नाही.