फेस बादलीतला आणि लाटेवरचा

आमच्या भिशीत गेल्या महिन्यात माझ्या भाचीने एक खडा टाकला. "दरवर्षी अष्टविनायक नाहीतर महाबळेश्वर करता, या वर्षी सगळ्याजणी मिळून सर्फिंगला चला की!" पलीकडच्या काकू लगेच म्हणाल्या, "अगं, मशीन घेतल्यापासून सर्फ बंद केलाय मी. हाताने धुतंय कोण आता?" हसून हसून पुरेवाट झाली. त्यांचा तरी काय दोष? सर्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बादलीतला फेसच येतो. समुद्राच्या फेसावर फळी टाकून उभं राहायचं, लाटेबरोबर किनाऱ्यापर्यंत घसरत यायचं, त्यालाही सर्फिंग म्हणतात, हे आपल्याला टीव्हीवर बघून ठाऊक. पण ते गोऱ्या पोरापोरींचं. आपला काय संबंध?

हसणं थांबल्यावर मात्र चर्चा रंगली. आणि मला गंमत वाटली ती अशी की, वीस प्रश्न निघाले असतील, पण त्यात समुद्राबद्दल एकही नव्हता. मुलांचा डबा कोण करणार? सासूबाईंची औषधं कोण देणार? घालायचं काय? ऊन लागून काळ्या पडलो तर? 'अडचण' आली तर? आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात मोठा प्रश्न: लोक काय म्हणतील? लाट किती मोठी असते, पोहता यायला हवं का, कोणत्या महिन्यात जायचं, हे कुणी विचारलंच नाही. म्हणजे आपली भीती पाण्याची नाहीच. आपण अडतो ते उंबऱ्यापाशीच.

आम्ही राहतो पनवेलजवळच्या कोनला. २०१६ साली गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली तेव्हा गावाचं नाव मुंबईच्या पेपरांतही झळकलं. जवळच पळस्पे फाटा. मुंबई-गोवा महामार्ग तिथूनच सुरू होतो. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की कोकणात आणि गोव्याला निघालेल्या गाड्यांची रांग लागते. ती बघत बघत आपण भाजी आणायला जायचं. अलिबाग, नागाव, काशिद, मुरूड... सगळा समुद्र आपल्याच रायगड जिल्ह्यातला. पण त्यात कमरेएवढ्या पाण्यात गेलेल्या किती बायका तुमच्या ओळखीच्या आहेत? जरा आठवून बघा.

समुद्रावरच्या आपल्या सहली कशा असतात ते आठवा. पुरुष आणि मुलं धावत पाण्यात शिरतात. आपण किनाऱ्यावर चपला, मोबाइल, पाकिटं आणि टॉवेल सांभाळत बसतो. मधूनमधून "फार आत जाऊ नका रे" असं ओरडायचं. फारच वाटलं तर निऱ्या वर धरून घोट्याएवढ्या पाण्यात दोन मिनिटं उभं राहायचं. फोटो निघाला की परत. मग सगळे भिजून, भुकेले होऊन आले की डबे उघडायचे. याला सहल म्हणतात! घरातलं काम किनाऱ्यावर नेलं, एवढाच काय तो फरक.

आणि आता मला सांगा, या भागातल्या बायकांना पाणी परकं होतं का हो? आगरी-कोळी घरांतल्या आज्या, आत्या खाडीत उतरायच्या. गुडघ्याएवढ्या चिखलात निवट्या, चिंबोऱ्या धरायच्या, खडकावरची कालवं फोडून काढायच्या. मिठागरात उन्हातान्हात राबायच्या. तेव्हा कुणी म्हणालं नाही की बाई, काळी पडशील. कुणी म्हणालं नाही की लुगडं भिजलं, अंगाला चिकटलं, लोक बघतात. पोटासाठी बाई पाण्यात उतरली तर ती कष्टाळू. मजेसाठी उतरायचं म्हणाली की तिला थेरं सुचतात! माझं म्हणणं एवढंच आहे. प्रश्न पाण्याचा नाही, कपड्यांचा नाही, वयाचाही नाही. बाईने कुणाच्याही उपयोगाचं नसलेलं, निव्वळ स्वतःच्या आनंदाचं काही करावं का, हा खरा प्रश्न आहे.

सरकारनेच २०२४ साली देशभर पाहणी केली, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोजची सरासरी २८९ मिनिटं जातात. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ८८. म्हणजे आपले जवळजवळ पाच तास, त्यांचा दीड. हा आकडा मी भिशीत सांगितला तेव्हा एकजण म्हणाली, "८८ मिनिटं करणारा कुठे मिळतो, पत्ता दे!"

बायका आणि लाट यांची जुळणी नवीन नाही. १९१५ साली ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ हवाई बेटांवरचा प्रसिद्ध जलतरणपटू ड्यूक कहानामोकू फळीवर उभं राहून दाखवत होता. त्याने किनाऱ्यावरच्या इझाबेल लेथम नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला आपल्याबरोबर फळीवर घेतलं. पुढे ही इझाबेल पोहण्याची शिक्षिका झाली. एवढं लांब कशाला, आपल्या मुंबईची इशिता मालवीय घ्या. मणिपालला शिकायला गेली आणि तिथे लाटेच्या प्रेमात पडली. २००७ साली तिने जोडीदारासोबत उडुपीजवळच्या कोडी बेंगरे गावात सर्फिंगचा क्लब काढला. भारतातली पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून आज तिचं नाव घेतात. तिकडे तमिळनाडूत महाबलीपुरमच्या मच्छीमार वस्तीतली कमली मूर्ती लहानपणापासून फळीवर उभी आहे आणि मोठ्या स्पर्धा जिंकते आहे. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, हा खेळ पहिल्यांदा आला. तेव्हा ही काही थेरं नाहीत, रीतसर खेळ आहे.

आता भिशीतल्या प्रश्नांकडे वळू. कपडे. सर्फिंगला बिकिनी लागते हा गैरसमज आहे. लांब बाह्यांचा, अंगाबरोबरचा आणि लवकर वाळणारा टी-शर्ट आणि खाली लेगिंग, बस्स. शिकवणारे तर सांगतातच की अंग झाका, नाहीतर ऊन आणि फळी दोन्ही सोलून काढतात. नको असतात ते सुती पंजाबी ड्रेस आणि ओढण्या. भिजल्या की जड होतात, पायात गुंततात. कोळणीचं काष्ट्याचं लुगडं आठवा, वर खोचलेलं, पायात न येणारं. पाण्यात काम करणाऱ्या बाईने आपला पोशाख केव्हाच शोधला होता. सणाला तोच नेसून आपण नाचतो, मग तसाच सुटसुटीत पोशाख पाण्यात का नको?

काळं पडण्याचं म्हणाल तर पडाल, आणि महिन्याभरात पूर्ववत व्हाल. अडचण आली तर एक दिवस फळी बाजूला ठेवा, नाहीतर हल्ली कप मिळतात, ते वापरणाऱ्या खुशाल पाण्यात जातात. पण पूजेसाठी घेतो तशा पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. वयाचं म्हणाल तर गुडघे, पाठ किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी तपासून घ्या. बाकी पन्नाशी हे काही कारण नव्हे. शिकताना कमरेएवढ्याच पाण्यात उभं राहायचं असतं. आठ-नऊ फुटांची मऊ फोमची फळी, तिची दोरी घोट्याला बांधलेली. शिकवणारा फुटलेल्या लाटेच्या फेसात ती ढकलून देतो. आपण पालथं पडून राहायचं आणि जमलं तर उठायचं. पहिल्या दिवशी बहुतेकजणी पडतातच. पडलं की पाण्यातच पडतो, लागत नाही फारसं.

मात्र समुद्राला हलक्यात घेऊ नका. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतली १४ मुलंमुली मुरूडच्या समुद्रात बुडाली. आपल्याच जिल्ह्यातली ही गोष्ट, विसरून चालणार नाही. लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत दिसतो. तिथे उतरणं सोपं वाटतं, पण पुष्कळदा तिथूनच पाणी जोरात आत, समुद्राकडे खेचलं जात असतं. अशा ओढीत सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने धडपडायचं नाही. दमून माणूस बुडतो. तरंगत राहायचं, हात वर करून हाक मारायची आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर पडायचं. हे मुलींनाच नाही, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

म्हणून सहलीच्या यादीत पहिलं काम तिकिटाचं नाही, पोहायला शिकण्याचं. पूर्वी पाठीला वाळका भोपळा बांधून पोरांना विहिरीत सोडायचे. मुलींच्या वाट्याला तो भोपळा क्वचितच आला, कारण मुलीने विहिरीवर जायचं ते पाणी शेंदायला! आता पनवेल, नवी मुंबईच्या बाजूला पोहण्याचे तलाव आहेत. बायकांसाठी वेगळी वेळ आणि शिकवणारी बाई आहे का, एवढं विचारून या. नसेल तर दहाजणींनी मिळून मागा. दोन-तीन महिने नेमाने गेलात तर तरंगायला आणि थोडं अंतर कापायला नक्की याल.

जायचं कधी? आपल्या आज्यांचा नियम इथेही लागू पडतो: पावसाळ्यात समुद्राच्या वाटेला जायचं नाही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून मग होड्या पाण्यात लोटतात, त्याला कारण आहे. शिकणाऱ्यांनी तर आणखी थोडं थांबावं. पश्चिम किनाऱ्यावर ऑक्टोबरनंतर लाटा नरम होतात. दिवाळी आटोपल्यावर नोव्हेंबरात निघा, नाहीतर संक्रांतीची हळदीकुंकवं उरकून रथसप्तमीनंतर. नाताळात जाऊ नका, गर्दीही दुप्पट आणि भावही. ज्यांच्या घरी दहावी-बारावी आहे त्यांनी नोव्हेंबरच धरावा.

भरती-ओहोटीसाठी कालनिर्णय पुरतं. आपल्याकडच्या कोळ्यांचा हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमाराला भरती, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, ते दिवस टाळा. दुसऱ्या गावी वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून तिथल्या शिकवणाऱ्याचं ऐका.

पनवेल स्टेशनवरून सगळं सोपं आहे. गोव्यात मोरजी, अश्वे या बाजूला सर्फिंग शिकवतात. त्यासाठी थिवी किंवा पेडणे स्टेशन. गोव्याच्या मुख्य किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षक असतात, हा मोठा आधार. थोडं निवांत हवं असेल तर मत्स्यगंधा एक्सप्रेसने उडुपी. संध्याकाळी बसलं की सकाळी उतरायचं. गाडीचं नाव तर बघा, यमुनेवर नाव चालवणाऱ्या कोळ्याच्या लेकीचं! रिझर्व्हेशन आता साठ दिवस आधी उघडतं, तेवढं ध्यानात ठेवा. वाटेत वेंगुर्ल्याला उतरायचं ठरलं तर तिथे 'स्वामिनी' बचत गटाच्या बायका मांडवी खाडीतून होडीने कांदळवन दाखवतात. पाहुण्यांना होडीतून पाण्यावर नेणाऱ्या बायका बघून आल्यावर आपलंही धाडस वाढतं.

खर्च? आम्ही सहलीची वेगळी भिशी सुरू केली आहे, महिना पाचशे रुपये. वर्षाला प्रत्येकीचे सहा हजार. स्लीपरचं तिकीट जाऊन येऊन फार होत नाही. फळीसकट एका शिकवणीला साधारण दीड ते अडीच हजार मोजावे लागतात. पाच-सातजणी एकत्र गेल्या तर भाव करा, लाजू नका. मंडईत करतोच ना! पैसे भरण्याआधी विचारून घ्या: शिकवणाऱ्याकडे प्रमाणपत्र आहे का, एकाच्या हाताखाली किती शिकणाऱ्या असतात आणि जीवरक्षक कुठे असतो.

आणि शेवटची, माझ्या मते सगळ्यात अवघड तयारी. जाण्याआधी तीन दिवसांच्या भाज्या करून फ्रीज भरून ठेवू नका. चपात्या लाटून ठेवू नका. कुकर कुठे, हळद कुठे, औषधं किती वाजता, एवढं एका कागदावर लिहून दारामागे चिकटवा आणि निघा. तीन दिवस घरची मंडळी पिठलंभात खातील, फार तर खानावळीतून मागवतील. कुणी उपाशी राहत नाही. उलट आपल्यावाचून घर चालतं हे त्यांनाही कळतं, आणि आपल्यालाही. त्याचीच आपल्याला थोडी धास्ती असते, नाही का?

सगळ्यांनाच उडुपी-गोवा जमेल असं नाही. कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, कुणाला पाचशे रुपयेही जड असतील. त्यांनी पुढच्या वेळी घरच्यांबरोबर नागावला किंवा काशिदला गेलं की एक करावं. चपला आणि पाकिटं नवऱ्याच्या हाती द्यावीत आणि म्हणावं, "जरा सांभाळा, मी आलेच." मग भरती आणि पाण्याची ओढ बघून, बरोबर कुणाला तरी घेऊन, गुडघ्याएवढ्या पाण्यापर्यंत जावं. तेवढं तरी आपल्या हक्काचं आहे.