परसातला बहुरूपी

वाडे पडून सदनिका उभ्या राहिल्या, तरी कढीलिंबाने आपला शेजार सोडलेला नाही. परस गेले तेथे तो कुंडीत येऊन राहिला आहे. पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पानांवर पांढरट-तपकिरी, ओलसर, पक्ष्याच्या विष्ठेसारखे काहीतरी चिकटलेले दिसते. फोडणीसाठी डहाळी मोडावयास आलेली गृहिणी नाक मुरडून ती डहाळी तशीच सोडते. त्या वस्तूला तेच हवे असते. कारण ती विष्ठा नव्हे, जिवंत अळी आहे, आणि पक्ष्यांनीही आपल्याकडे पाहून असेच नाक मुरडावे एवढ्यावर तिचे प्राण अवलंबून आहेत.

ही अळी ज्या फुलपाखराची, त्याचे शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिटीस. मी त्याला बहुरूपी म्हणतो. का, ते पुढे येईलच. कढीलिंब, लिंबू, बेल या एकाच कुळातील झाडांवर मादी पानागणिक एकेक फिकट पिवळे, मोहरीएवढे अंडे घालते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते आणि प्रथम आपल्या अंड्याचे कवचच खाते. पुढे ती चार वेळा कात टाकते. चौथ्या कातीनंतर विष्ठेचे सोंग संपते व अळी पानासारखी हिरवीगार होते. एवढ्या मोठ्या आकाराची विष्ठा कोणता पक्षी खरी मानणार? या वयात तिला बोट लावले, तर डोक्यामागून तांबडे दुभंगलेले शिंग बाहेर येते आणि उग्र दर्प सुटतो. मुले हा प्रयोग पुनःपुन्हा करतात. एकदा पुरे, असे त्यांना सांगावे.

कोश करताना अळी शेपटीचे टोक काडीला चिकटवते, कमरेभोवती रेशमाचा करगोटा बांधते आणि त्यावर रेलून स्थिर होते. कोश कोठे हिरवा, कोठे तपकिरी, जसा आसपासचा रंग तसा. सुमारे दहा-बारा दिवसांनी फुलपाखरू निघते. त्याचे पंख तेव्हा चुरगळलेल्या ओल्या वस्त्रासारखे असतात. ते पसरून वाळेपर्यंत त्यास हात लावू नये, नाहीतर जन्माचे पांगळेपण येते.

नर काळाभोर. पंखांचा विस्तार नऊ-दहा सेंटिमीटर, मागल्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ व टोकाला शेपटी. पाकिस्तानापासून भारत, श्रीलंका, ब्रह्मदेश, चीनचा दक्षिण भाग, फिलिपाईन्स आणि जपानची दक्षिणेकडील बेटे येथवर तो आढळतो. मादीची गोष्ट मात्र निराळी. काही माद्या थेट नरासारख्या; काहींच्या मागल्या पंखांवर पांढरे डाग व तांबड्या कोरी; तर काहींच्या पुढल्या पंखांवर पांढरे पट्टे आणि मागल्यांवर लाल ठिपके. लिनियसने १७५८ साली नराला पॅमॉन व मादीला पॉलिटीस अशी दोन स्वतंत्र जातींची नावे दिली. होमरच्या काव्यात हे दोघे ट्रॉयच्या राजाचे पुत्र! म्हणजे शास्त्राने नवरा-बायकोस सख्खे भाऊ ठरविले. त्या साऱ्या एकाच जातीच्या माद्या होत, हे वॉलेसने १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविले. नाना वेषांच्या बायका म्हणून इंग्रजांनी या नराला बहुपत्नीक अमेरिकन पंथावरून 'मॉरमॉन' म्हटले. त्या पंथाने ती चाल १८९० साली सोडली. नाव मात्र फुलपाखरास चिकटले.

या वेषांतरामागे ईश्वरीची वेल आहे. तिची पाने खाऊन वाढणारी 'कॉमन रोझ' व 'क्रिमझन रोझ' ही फुलपाखरे तिचे विष अंगी मुरवितात. एकदा चाखलेला पक्षी पुन्हा त्यांच्या वाटेस जात नाही. बहुरूप्याच्या माद्यांनी त्यांचाच वेष घेतला आहे. अंगी विष नाही ते नाहीच. पंचतंत्रातील गाढव वाघाचे कातडे पांघरून शेत खात असे, तसाच हा प्रकार. पण सोंगे फार झाली तर पक्षी ती ओळखू लागतील. म्हणून विषारी फुलपाखरे भरपूर असतील तेथेच हे कपट फळते.

श्रीलंकेत फ्रायर नावाच्या इंग्रजाने ही फुलपाखरे पिढ्यान्‌पिढ्या पाळली. हा वेष मेंडेलच्या नियमांनी उतरतो, आणि बापाच्या अंगावर न दिसताही तो मुलीला देऊ शकतो, हे त्याने १९१३ साली सिद्ध केले. एका आईच्या लेकी त्यामुळे वेगवेगळ्या वेषांत निघू शकतात. अलीकडे, २०१४ साली, कृष्णमेघ कुंटे या मराठी संशोधकाने सहकाऱ्यांसह 'नेचर' नियतकालिकात दाखविले, की कीटकांत नर-मादीचा भेद घडविणारा जनुकच येथे वेषही ठरवितो. संस्कृतात एकच विभक्तिप्रत्यय लिंग, वचन व कारक तिन्ही सांगतो. ते ज्यांनी पाठ केले त्यांना याचे फारसे नवल वाटू नये.

आता गृहिणींचा प्रश्न: पाने कोणाची? रोप वीतभर असेल, तर दोन अळ्या ते बोडके करतील. त्या उचलून मोठ्या झाडावर सोडाव्यात. मोठ्या झाडाला पाच-सहा अळ्यांचा भार जड नाही. विष फवारणे मला मुळीच मान्य नाही. तीच पाने उद्या आमटीत पडावयाची असतात.

अंगणात लाल ठिपक्यांचे फुलपाखरू आले, तर पंख पाहून निर्णय करू नये, धड पाहावे. तांबडे असेल तर ते खरोखरच विषारी. काळे असेल तर ती कढीलिंबावरची.