बैठकीची खोली : आधी ओल, मग रंग



चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यातला प्रश्न फक्त त्यांच्या घरापुरता नाही, म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. घर जुने, विटांचे आणि वर कवेलू. बैठकीची खोली बारा बाय दहा फुटांची. पावसाळा गेला की भिंतीचे पोपडे निघतात आणि खाली पांढरी भुकटी साचते. मुलीला पाहायला रमजानच्या आधी पाहुणे येणार आहेत. भिंतींवर पीव्हीसीचे पॅनेल आणि नवा सोफा मिळून पंचेचाळीस हजारांचा अंदाज निघाला आहे. हातात बचत सहा हजारांची. त्या विचारतात, "बाकीचे पैसे आठवड्याच्या हप्त्याने उचलावे का? मुलीचे अब्बू काही बोलत नाहीत. सासूबाई म्हणतात, चार माणसांत नाक जायला नको."

उत्तर आधीच सांगते : हप्ता उचलू नका. सहा हजारांत खोली नीट होते. काम घरच्यांनी स्वतः करायचे आणि कामाचा क्रम चुकवायचा नाही, एवढीच अट.

कर्जाने सजवलेली खोली

हप्त्यातल्या व्याजाचे वेगळे सांगायला नको. जिथे "बिनव्याजी" म्हणतात, तिथेही कागदावर सही करण्याआधी प्रोसेसिंग फी किती आणि हप्ता चुकला तर दंड किती, हे विचारावे. आठवड्याचा हप्ता धान विकले गेले की नाही हे पाहत नाही, आणि दुकानावर गिऱ्हाईक आले की नाही हेही पाहत नाही.

पण माझा मुद्दा आणखी एक आहे. मुलगी पाहायला येणारे लोक बैठकीवरून घराची ऐपत मापतात. उसन्या पैशाची खोली पाहून ऐपत आहे त्यापेक्षा मोठी दिसते, आणि मग लग्नाच्या बोलणीत अपेक्षाही त्याच मापाने वाढतात. ज्या घराने आधीच कर्ज काढले, त्याला तेव्हा "आमची तेवढी ताकद नाही" असे म्हणणे जड जाते. स्वच्छ, कोरडी, साधी खोली खरे तेच सांगते. खर्चात उधळेपणा नको आणि हात आखडणेही नको, ही मधली वाट कुरआनने सूरह फुरकानमध्ये दाखवली आहे. ती बैठकीच्या खोलीलाही लागू आहे.

आधी ओल शोधा

नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही हा धानाच्या बांध्यांचा आणि मामा तलावांचा मुलूख. पाऊस भरपूर, आणि जुन्या विटांच्या भिंती जमिनीतले पाणी वर ओढतात. पाण्याबरोबर मातीतले क्षार येतात. पाणी उडून जाते आणि क्षार पांढऱ्या भुकटीच्या रूपाने मागे राहतात. तेच प्लास्टर आणि रंग ढकलून बाहेर काढतात. अशा भिंतीवर पॅनेल किंवा फोमचे चिकटवायचे वॉलपेपर लावले तर ओल जात नाही, फक्त दिसेनाशी होते. आत बुरशी धरते, वास येतो, आणि पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात कडा सुटू लागतात.

ओल कुठून येते हे कळण्यासाठी एक सोपी तपासणी आहे. एक फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, पाणी जमले तर ओल भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतली हवाच कोंदट आहे, खिडक्या उघडायला हव्यात.

ओल भिंतीतून येत असेल तर घराबाहेर जाऊन बघा. भिंतीला लागून मातीचा ढीग किंवा सरपण आहे का? अंगणाची जमीन आतल्या फरशीपेक्षा उंच झाली आहे का? मोरीचे पाणी भिंतीशी मुरते का? कवेलू सरकून वरून पाणी झिरपते का? बऱ्याच घरांत यातलेच एखादे कारण सापडते. माती काढून उतार भिंतीपासून दूर करायला फावडे आणि दोन दिवसांची मेहनत लागते, पैसे नाहीत. कवेलूंची शाकारणी मात्र जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावी. वर चढून स्वतः प्रयोग करू नये.

मग सुटलेले प्लास्टर आणि पोपडे पत्र्याने खरडा. पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने झाडा आणि गोळा करून बाहेर टाका. पाण्याने धुऊ नका, धुतल्यावर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात. त्यानंतर भिंत सुकू द्या. आपल्याकडे यासाठी उत्तम काळ म्हणजे धान निघाल्यानंतरचा हिवाळा. सध्याच्या वर्षांत रमजान हिवाळ्याच्या शेवटाला येतो, त्यामुळे चांद दिसण्याआधी भिंतीला सुकायला वेळ मिळतो.

एक सावधगिरी. जुन्या तेलरंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीचे दारा-खिडक्यांचे रंग कोरडे घासू नयेत, ओला पॉलिशपेपर वापरावा. नाकाला फडके बांधावे, लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नये. नवा डबा घेताना शिशाबद्दल काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे.

चुन्याला कमी लेखू नका

ओलीची सवय असलेल्या भिंतीला चुनाच बरा. प्लास्टिक रंगाचा पापुद्रा ओल कोंडून ठेवतो, चुन्यातून भिंत श्वास घेते. कळीचा चुना लोखंडी किंवा मातीच्या भांड्यात भिजवा. आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा टाका. चुन्यावर एकदम पाणी ओतू नका. तो उकळतो आणि उडतो, डोळ्यात गेला तर इजा होते. म्हणून चष्मा लावा, हातांना तेल किंवा मोजे आणि मुले दूर. रात्रभर ठेवून फडक्यातून गाळा. पातळ दुधासारखा झाला पाहिजे. थोडा फेव्हिकॉल घातला की हाताला पांढरे लागत नाही, आणि चिमूटभर नीळ घातली की पांढरा उजळ दिसतो.

भिंत किंचित ओलसर करून पातळ हात द्या, एका दिवसाच्या अंतराने तीन. पहिल्या हाताला भिंत पारदर्शक दिसते, घाबरू नका, सुकल्यावर पांढरी होते. भिंतीवर आधीचा तेलरंग किंवा प्लास्टिक रंग घट्ट असेल तर मात्र चुना धरत नाही. तो पूर्ण खरडावा, किंवा त्या भिंतीला डिस्टेंपर द्यावा.

पाठ टेकून टेकून भिंतीचा खालचा भाग मळतो. तिथे तीन फुटांपर्यंत गेरूचा किंवा गडद हिरवा पट्टा द्या. पट्ट्याच्या वर नक्षी हवी असेल तर जुनी एक्स-रेची फिल्म घ्या. त्यावर एक चौकोन काढा, त्याच मापाचा दुसरा चौकोन तिरका करून त्यावर काढा. आठ टोकांचा तारा तयार होतो. स्पेनमधल्या अलहम्ब्रापासून आपल्याकडच्या जुन्या इमारतींपर्यंत हा आकार दिसतो. तो कापून घेऊन स्पंजाने रंग टेकवत जा. ही कामगिरी मुलांना द्यावी, ती आनंदाने करतात.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला गेलात तर बापू कुटीच्या भिंती नीट पाहा. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला गेले. भिंतींवर मीराबेन यांनी मातीतूनच ताडाच्या झाडांची उठावाची नक्षी केली आहे. बसायला चटया आहेत. विकत आणलेली सजावट तिथे नाही, तरी ती खोली कुणाला गरीब वाटत नाही.

पडदा असावा, अंधार नसावा

आपल्या घरांत रस्त्याकडच्या खिडकीवर जाड पडदा कायमचा ओढलेला असतो. कारण योग्य आहे, पण त्याने खोलीत ऊन येत नाही, वारा येत नाही आणि भिंत सुकत नाही. त्यावर उपाय अर्ध्या पडद्याचा. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला पांढऱ्या मलमलीचा पडदा लावा, वरचा भाग मोकळा सोडा. रस्त्यावरच्या माणसाला आतले दिसत नाही आणि उजेड येतो. संध्याकाळी दिवा लागला की वरचा वेगळा पडदा ओढून घ्यावा. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर घरातलाच आरसा टांगला तर उजेड वाढतो. दिवे दोन ठेवा : एक खोलीचा, एक वाचायचा.

बसायला काय?

सोफा नसला तर बिघडत नाही. घरातला जुना तखत किंवा दिवाण बाहेर काढा, पाय हलत असतील तर सुतारकाम करून घ्या. जुन्या गाद्यांतला कापूस पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घेतला की नव्यासारखा फुगतो. हा धंदा आपल्याच मन्सुरी-नद्दाफ बिरादरीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. फोमच्या स्वस्त गादीपुढे तो मागे पडतो आहे, म्हणून काम त्यांच्याकडे द्या. खोळी एकाच रंगाच्या जाड सुती कापडाच्या शिवा. एका रंगाने वेगवेगळे सामानही एका घरचे दिसते. आरमोरीकडचा कोसा पडद्यांना महाग पडेल, पण एका तक्क्याच्या खोळीपुरता तुकडा शोभा आणतो.

बांबू तर आपल्या दारातला. चिक, कोपऱ्यातली शेल्फ, चपलांची घडवंची, कवेलूंखालचा धूळ धरणारा तट्टा हे सगळे गावातला बुरड करून देतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो तेव्हा हा तट्टा थोडी गरमीही अडवतो. २०१७ मध्ये कायदा बदलून जंगलाबाहेर वाढलेला बांबू "झाड" या व्याख्येतून वगळला गेला, पण जंगलातला बांबू आजही परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणून बुरडाकडून किंवा डेपोतूनच घ्यावा. घुण लागू नये म्हणून टाकणखार आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवलेला असावा. शिकायची हौस असलेल्या मुलींनी चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात चौकशी करावी.

ही खोली कुणाची?

आता शेवटचे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. आपल्या कित्येक घरांत सगळ्यांत हवेशीर खोली कधीतरी येणाऱ्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली असते. घरातली मुलगी दहावी-बारावीचा अभ्यास स्वयंपाकघरात, चुलीच्या धुरात आणि भांड्यांच्या आवाजात करते. खोलीवर खर्च करायचा तर तो आधी रोज राहणाऱ्यांसाठी व्हावा. खिडकीजवळ एक फळी ठोका, खाली स्टूल, वर वाचायचा दिवा. ती जागा मुलीची. दुसरा कोपरा रिकामा आणि स्वच्छ ठेवा, तिथे दादी-नानींना जायनमाज अंथरता येईल. तुगरा एकच लावा, कोरड्या भिंतीवर, चपलांपासून दूर. मुलीचे खत चांगले असेल तर बरूच्या कलमाने तिनेच लिहावा. पाहुण्यांनी विचारले, "हे कुणी लिहिले?" तर तिच्याबद्दल बोलणे तिथून सुरू होते, सोफ्याच्या किमतीवरून नाही.

सहा हजारांची वाटणी

भिंतींसाठी २,५००, गाद्या आणि तखताच्या दुरुस्तीसाठी १,५००, पडदे व खोळींच्या कापडासाठी १,०००, दिवे आणि फळीसाठी ५००, हातशिल्लक ५००. भाव गावोगाव बदलतील, पण क्रम बदलू नका. भिंतीचे पैसे उरले तरच बाकीचे वाढवा. बाकीचे आवडले म्हणून भिंतीचे कापू नका. कामाचा क्रमही हाच : माती आणि मोरी, खरडणे, सुकणे, चुना, नक्षी, पडदे आणि सगळ्यांत शेवटी बैठक.

काम घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यावे. खरडण्याचे आणि माती काढण्याचे काम मुलांचे आणि अब्बूंचे. "हे बायकांचे" असे म्हणून बाजूला बसू देऊ नका. आणि सासूबाईंना चुन्यात नीळ किती घालायची ते विचारा. त्यांना ते आपल्या सर्वांपेक्षा चांगले माहीत असते.

पुढील महिन्यात स्वयंपाकघरातल्या धुराबद्दल बोलू, इन्शाअल्लाह. वस्सलाम.