अरणगावच्या टेकडीवर जिम रीव्ह्ज

नगर म्हटलं की शिर्डी, शिंगणापूर, भुईकोट किल्ला. अमेरिकन गाणी कुणाच्या ध्यानीमनीही नसतात. पण दौंड रस्त्यावरच्या अरणगावजवळ, मेहेराबादला त्यांचा धागा सापडतो.

1925पासून मौन पाळणारे इथले आध्यात्मिक गुरू मेहेरबाबा यांना कोल पोर्टरचं ‘बिगिन द बिगीन’ फार प्रिय. आर्टी शॉच्या वाद्यवृंदाने 1938मध्ये ते अमेरिकाभर गाजवलं होतं. 1969मध्ये बाबांना समाधी दिली तेव्हा, त्यांच्याच इच्छेनुसार, त्याची तबकडी वाजली. समाधीपाशी चक्क नाचाचं गाणं! जिम रीव्ह्जचं ‘देअर्ज अ हार्टेक फॉलोइंग मी’ही त्यांचं आवडतं, म्हणूनच ‘द हू’ या रॉक बँडच्या पीट टाउनशेंडने ते 1972च्या आपल्या अल्बममध्ये गायलं.

जिल्ह्याच्या पर्यटन पुस्तिकेत दर्शनाच्या वेळांसोबत या गाण्यांनाही दोन ओळी मिळाव्यात. 31 जानेवारीच्या अमरतिथीला, म्हणजे बाबांच्या पुण्यतिथीला, देशोदेशीचे लोक इथे येतात. नगरच्या कॉलेजातल्या पोरांनाही हे कळू द्या की!