पन्नाशीतली नवी चोपडी

उन्हाळ्यात उजनीचे पाणी उतरले की करमाळा तालुक्यातील कुगावजवळ इनामदारांचा जुना वाडा पाण्याबाहेर येतो. पलीकडे इंदापूरच्या बाजूस पळसदेवचे मंदिर डोके वर काढते. दूरदूरचे लोक येतात, होडीतून फेरी मारतात, छायाचित्रे काढतात आणि पावसाळ्याआधी सारे पुन्हा पाण्याखाली जाते. त्या भिंतींकडे पाहताना एक प्रश्न मात्र क्वचितच कोणाच्या मनात येतो. या गावांत ज्यांची दुकाने होती, त्यांनी पुढे काय केले?

भीमेवरील हे धरण 1980 साली पूर्ण झाले. करमाळा, माढा, इंदापूर, कर्जत या तालुक्यांचा सुपीक नदीकाठ जलाशयात गेला. पुणे-सोलापूर लोहमार्गाचाही काही भाग दुसरीकडून न्यावा लागला. जमिनीची मोजणी झाली, घरांचे पंचनामे झाले. पण गावच्या दुकानदाराची खरी मिळकत भिंतीत नसते. चार गावांचे गिऱ्हाईक, शब्दावर चालणारी उधारी, कोणाच्या घरी कोणते कार्य निघाले आहे याची आगाऊ खबर, हे सारे कोणत्या पंचनाम्यात मांडावे? उधारीची वही जवळ राहिली तरी तिच्यातील नावे निरनिराळ्या गावठाणांत पांगली. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला नव्या गावी नवी चोपडी मांडावी लागली, आणि पहिल्या पानावर लिहिण्यासारखे फारसे काही नव्हते.

त्या गोष्टीला चार दशके उलटली. आज करमाळ्याच्या बाजारपेठेत पाणी शिरलेले नाही. तरीही दुकाने बुडतात आणि माणसे रिकामी होतात. 2016 साली राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले. पुढच्याच वर्षी, 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांची जागा संगणकाने घेतली. तीस वर्षे ज्याच्या अक्षरावर पेढीचा विश्वास होता, त्या मुनिमापुढे एके दिवशी बावीस वर्षांचा मुलगा येऊन बसला. मुलाचा दोष नाही आणि शेटजींचाही सर्वस्वी नाही. परंतु त्या दिवाळीस चोपडीपूजनाला मुनीमजी आले तेव्हा त्यांनी बसायचे कोठे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. हेच दृश्य पुण्याच्या कारखान्यातून पंचेचाळिसाव्या वर्षी घरी परतलेल्या मुलाच्या बाबतीतही घडते. आई त्याला ताट वाढते, वडील पाहुण्यांना सांगतात, "सुटीवर आला आहे."

हे 'सुटीवर आला आहे' सर्वांत महाग पडते. लाज झाकण्यासाठी घाईने काहीतरी सुरू करावे लागते, आणि घाईत माणूस शेजाऱ्याचाच धंदा काढतो. एकाचे मोबाइलचे दुकान चालले की त्याच रस्त्यावर आणखी चार निघतात. हाती आलेली रक्कम फर्निचर आणि अनामतीत जाते, वर्षभराने दुकान भाड्याने देण्याची पाटी लागते. वय नडले असे मग म्हटले जाते. बहुधा नडलेली असते ती घाई.

चाळिशी ओलांडल्यावर नव्याने उभे राहिलेल्यांत लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकिगत पुन्हा वाचण्यासारखी आहे. मात्र कारखानदाराची यशोगाथा म्हणून नव्हे. 1869 साली जन्मलेल्या लक्ष्मणरावांना चित्रकार व्हायचे होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते गेले, आणि आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे लक्षात आले. चित्रकारासाठी याहून मोठी आपत्ती कोणती? त्यांनी रंग सोडले, रेषा ठेवली. यंत्रांची रेखाटने शिकून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षक झाले. तेथे हक्काची बढती डावलली गेली. नोकरी सोडून ते बेळगावास बंधूंच्या सोबतीने सायकलींच्या व्यवसायात शिरले, दुरुस्ती करता करता कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनवू लागले. तेथेही जम बसतो न बसतो तोच नगरपालिकेच्या योजनेपायी कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळ सुमारे 32 एकर माळ दिला. 1910 साली त्या निवडुंगांनी भरलेल्या माळावर त्यांनी बिऱ्हाड मांडले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

तीन वेळा त्यांच्या पायाखालची जागा गेली: एकदा डोळ्यांमुळे, एकदा वरिष्ठांमुळे, एकदा नगरपालिकेमुळे. प्रत्येक वेळी हातात काय उरले, हे पाहण्याजोगे आहे. कलाशाळा सुटली तरी रेखाटन उरले. नोकरी गेली तरी यंत्राची जाण उरली. बेळगाव सुटले तेव्हा नांगर आणि माणसे बरोबर आली. धंदा दर वेळी नवा दिसतो; त्याच्या तळाशी असलेले कसब मात्र जुनेच आहे. आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती व्यापारी घरांनी नोंदवून ठेवावी. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने पहिला लोखंडी नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत घरची चूल पेटती ठेवण्याची तजवीज होती, म्हणून पुढचा इतिहास घडला.

सोलापूर जिल्ह्यातील जैन समाजात उदाहरण द्यायचे तर ओठांवर नाव येते ते सोलापुरात 1882 साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांचे. कापूस व सावकारीच्या घराण्यातून ते रेल्वेच्या ठेकेदारीत गेले, 1919 साली जहाजाच्या धंद्यात उतरले, आणि 1940 साली बंगळूरला विमानाचा कारखाना उभारला तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. प्रत्येक सत्कारसमारंभात हे सांगितले जाते. पण रिकाम्या झालेल्या मुनिमाला त्याचा उपयोग किती? त्याला उपयोगी पडेल ते दुसरेच नाव. वालचंदांच्या ठेकेदारीतील पहिले भागीदार लक्ष्मणराव बळवंत फाटक हे एके काळचे कारकून. कामाची माहिती फाटकांकडे होती, भांडवल आणि पत वालचंदांकडे. 'फाटक आणि वालचंद' या पाटीवर कारकुनाचे नाव आधी आहे.

करमाळ्यात आज फाटक अनेक आहेत. पाटीवर त्यांचे नाव आधी लिहू देणारे वालचंद थोडे. ज्या पाण्याने गावे बुडवली त्याच पाण्यावर तालुक्यात ऊस आणि केळी उभी आहेत, कंदर भागातील केळी परदेशी जातात. त्या मालाची प्रतवारी, वाहतूक, देवघेव आणि हिशेब यांना अनुभवी माणूस हवा असतो. 2020 साली केंद्र सरकारने देशभर 10,000 शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना जाहीर केली. कंपनी म्हणून नोंदलेल्या अशा संस्थेचे दप्तर कंपनी कायद्याप्रमाणे ठेवावे लागते, लेखापरीक्षण चुकत नाही. कोणत्या शेतकऱ्याचा शब्द पक्का आणि कोणाचा कच्चा, हे जाणणारा जुना मुनीम त्या बावीस वर्षांच्या मुलाशेजारी बसला तर दोघांचेही काम भागते. संगणक शिकणे हे त्याला वाटते तितके अवघड नसते. त्याहून अवघड असते त्या मुलाला प्रश्न विचारणे.

दुसरी वाट कृषी सेवा केंद्राची. बागायती तालुक्यात ती सर्वांनाच सुचते. आता त्यासाठी शिक्षणाची अट आहे, आणि ती पुरी करण्याचा एक मार्ग म्हणून हैदराबादच्या 'मॅनेज' या राष्ट्रीय संस्थेने 2003 साली सुरू केलेला, निविष्ठा विक्रेत्यांसाठीचा 48 आठवड्यांचा पदविका अभ्यासक्रम आहे. वर्ग रविवारी किंवा बाजाराच्या सुटीच्या दिवशी भरतात. केसांत पांढरे आलेले दुकानदार तेथे बाकांवर बसून माती आणि कीड यांचे धडे गिरवतात. जैन घरांत मात्र येथे एक वेगळा प्रश्न उभा राहतो. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषाचा व्यापार आहे, आणि अतिविषारी कीटकनाशकाच्या बाटलीवर तर कवटीचे चिन्हच छापलेले असते. कोणी बियाणे, ठिबकचे साहित्य आणि सेंद्रिय खते एवढ्यावर दुकान चालवतो व नफा कमी घेतो. कोणी सर्व ठेवतो आणि मनात खंत बाळगतो. हा निर्णय दुकान मांडण्यापूर्वी घरात बोलून झालेला बरा, कारण फळीवर माल भरल्यानंतर त्यावर कोणी बोलत नाही.

ज्यांच्या पेढीवरून माणूस कमी होतो, त्यांच्याकडेही या हिशेबाची एक बाजू आहे. ग्रॅच्युइटीचा कायदा दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेस लागू होतो. तीन माणसांच्या दुकानात तीस वर्षे काढलेल्याच्या पदरी कायद्याने काही पडत नाही. जे पडते ते शेटजींच्या मर्जीने. काही पेढ्या वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार या हिशेबाने रक्कम देतात आणि कोठे सांगत नाहीत. काही जण पेढा व शाल देतात आणि छायाचित्र काढून घेतात.

मिळालेल्या रकमेचे काय करावे, याची पहिली बैठक बहुधा भाऊ, मेहुणे आणि एखादा हुशार मित्र यांच्यात होते. महिन्याचे दूध, किराणा, औषधे, मुलीची फी, सासूबाईंच्या डोळ्यांची तपासणी यांचा खरा आकडा मात्र स्वयंपाकघरातील फडताळात, घरखर्चाच्या वहीत असतो. किर्लोस्करांचा नांगर विकला जाण्यास लागली ती दोन वर्षे धरली, तर चोवीस महिन्यांचा तो आकडा आधी बाजूला काढावा लागतो, आणि उरेल त्यातून दुकानाचे भाडे ठरते. ज्या घरात ती वही बैठकीत आणली जाते, तेथे गृहिणी मेहुण्यांच्या शेजारी बसते, आणि पाहुण्यांना "सुटीवर आला आहे" असे सांगायचे की नाही, हेही त्याच बैठकीत ठरते.